टर्बोचे होस आतून मरतात: जुन्या ऑक्टाव्हिया आरएसच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. मुंबईहून परतताना कसारा घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की बोनेटखालून आधी ‘फुस्स’ आणि मग शिट्टीसारखा आवाज येतो, गाडी ओढत नाही, मागे काळा धूर निघतो. अ‍ॅव्हरेज पडलंय, पण उभ्या जागी इंजिन शांत चालतं. स्कॅनरवर पी १२९७ हा कोड आला. एका गॅरेजने टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने सगळे पाईप काढून निळ्या सिलिकॉनचा किट टाकायचा सल्ला दिला. नेमकं काय बदलायचं, कोणत्या मटेरियलचं, आणि नाशिकला पाथर्डी फाट्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

दोघांनाही अजून पैसे देऊ नका. स्कोडा ज्यात येते त्या फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांमध्ये पी १२९७ चा अर्थ असा की टर्बो आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) यांना जोडणाऱ्या वाटेत दाब पडतोय. टर्बो खराब आहे असं तो कोड म्हणत नाही. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणंही त्याच वाटेकडे बोट दाखवतात. चार दारांची असली तरी ही गाडी १५० अश्वशक्तीची आणि स्वभावाने स्पोर्ट्स कारच आहे. इतक्या वर्षांत तिचे रबरी पाईप थकणं अगदी स्वाभाविक आहे. पण कोणता पाईप थकला आणि का थकला, हे शोधल्याशिवाय नवा घातलात तर तोही याच मार्गाने जाईल.

आधी हवेचा रस्ता समजून घ्या. फिल्टरच्या डब्यातून निघालेली हवा एमएएफ सेन्सरमधून जाते. आत किती हवा गेली हे तो सेन्सर मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्या मापाने पेट्रोल सोडतो. तिथून एक जाड रबरी पाईप इंजिनच्या मागच्या बाजूला असलेल्या टर्बोपर्यंत जातो. त्याला आपण इनलेट पाईप म्हणू. टर्बोने दाबलेली तापलेली हवा खाली उतरते, बंपरच्या कोपऱ्यात चाकाच्या पुढे बसवलेल्या, हवा थंड करणाऱ्या छोट्या इंटरकूलरमधून जाते आणि पुढच्या बाजूने वर चढून थ्रॉटल बॉडीला मिळते. त्यापलीकडे सिलिंडरांना हवा वाटणारा इनटेक मॅनिफोल्ड.

आता या रस्त्यात गळती कुठे आहे त्यावर गाडीचं वागणं बदलतं. इनलेट पाईपमध्ये सतत ओढ असते. तो फाटला तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि मुख्य म्हणजे फिल्टरला वळसा घालून धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. द्राक्ष आणि उसाच्या हंगामात दिंडोरी, निफाडकडच्या रस्त्यांवर जी माती उडते ती तिथे पोहोचली तर पात्यांच्या कडा झिजतात. थ्रॉटलच्या पलीकडे गळती असेल तर आयडलिंगलाच त्रास दिसतो, कारण तेव्हा तिथे व्हॅक्यूम असतो: इंजिन वरखाली होतं, शिट्टी उभ्या जागीच ऐकू येते. टर्बो ते थ्रॉटल हा मधला टप्पा मात्र आयडलिंगला निवांत असतो. तिथे दाब चढतो तो फक्त तुम्ही पाय दाबल्यावर. तेव्हा मोजून घेतलेली हवा फटीतून बाहेर पळते, पण तिच्या वाट्याचं पेट्रोल मात्र आत जातंच. म्हणून काळा धूर आणि म्हणून पडलेलं अ‍ॅव्हरेज. तुमचा बिघाड जवळपास नक्कीच या टप्प्यात आहे.

तोवर घाटात टर्बोला जोर लावू नका. दाब पुरेसा झाला नाही की ईसीयू वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूने सोडून देणारी झडप) बंद ठेवून टर्बोला आणखी पळवतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी टर्बोची दांडी मग तिच्यासाठी आखलेल्या वेगाच्याही पुढे जाते, आणि त्यातून येणारी हवाही जास्त तापते. काही महिने असंच चालवलं तर पहिल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरेल.

चांगला स्कॅनर असलेला कुणी गाठा. नुसता कोड वाचून पुसणारा उपयोगाचा नाही, या गटाच्या गाड्यांचे मेजरिंग ब्लॉक, म्हणजे ईसीयूतले चालू आकड्यांचे गट, वाचता यायला हवेत. दोन ब्लॉक बघा. ०३२ मध्ये इंधनाची दुरुस्ती दिसते, पहिला आकडा आयडलिंगचा आणि दुसरा चालतानाचा. पहिला आकडा शून्याच्या बराच वर असेल तर कुठेतरी न मोजलेली हवा आत येते आहे. ११५ मध्ये ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारीशेजारी दिसतात.

आणि इथे नाशिकची एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण बरेच जण हे आकडे मुंबईच्या हिशेबाने वाचतात. ११५ मधले आकडे निरपेक्ष दाबाचे, मिलिबारमध्ये असतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. आपण साधारण ६०० मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे इथे तो ९४५ च्या आसपास राहतो. इग्निशन ऑन करून, इंजिन सुरू न करता प्रत्यक्ष दाबाचा आकडा बघा. ९४० ते ९५० च्या जवळपास आला तर सेन्सर खरं बोलतोय. इथे उभ्या गाडीत १०३० वगैरे दाखवत असेल तर आधी सेन्सर आणि त्याची वायरिंग तपासा. पुढे चालत्या गाडीत १६०० आला तर त्याचा अर्थ नाशिकमध्ये सुमारे ०.६५ बार बूस्ट (बाहेरच्या हवेवर चढलेला जादा दाब), मुंबईत ०.६ च्याही खाली. कंपनीतून आलेल्या या इंजिनाला अर्धा ते पाऊण बारच्या मधलंच बूस्ट असतं. म्हणजे तोच आकडा गाठायला टर्बोला इथे विरळ हवेतून जास्त मेहनत करावी लागते. बारीक गळती मुंबईत जाणवत नाही आणि इगतपुरीच्या वर जाणवायला लागते ती यामुळे. चालत्या गाडीचा लॉग काढताना लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर असू द्या, रस्ता मोकळा असू द्या. मागितलेल्या दाबापेक्षा मिळालेला दाब शंभर-दीडशे मिलिबारने सतत मागे राहत असेल तर गळती पक्की.

जागा शोधायला प्रेशर टेस्ट करायची. काही ठिकाणी हल्ली धुराचं मशिन असतं. ते व्हॅक्यूमच्या बारीक गळतीला उत्तम, पण त्याचा दाब अगदी कमी असतो. मऊ पडलेला होस दाब चढल्यावरच तोंड उघडतो, धुराला तो चकवतो. तुमच्या बाबतीत दाबच द्यायला हवा.

त्यासाठी प्लंबिंगच्या दुकानातून इनलेट पाईपच्या तोंडात बसेल अशी पीव्हीसीची एंड कॅप घ्या, तिला मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. इंजिन पूर्ण थंड असताना एमएएफ सेन्सर सोडवून बाजूला ठेवा आणि कॅप इनलेट पाईपच्या तोंडात क्लिपने आवळा. क्रँककेसच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी याच इनलेट पाईपला येऊन मिळते. ती सोडवून पाईपकडचं तोंड बंद करा, नाहीतर सगळा दाब इंजिनच्या पोटात जाऊन ऑइल सील उचलला जाईल. मग कॉम्प्रेसरला दाब आवरणारा रेग्युलेटर लावून त्या व्हॉल्व्हमधून हवा भरा, ०.३ बारपासून सुरुवात करा आणि ०.७ च्या पुढे जाऊ नका. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत सात-आठ बार दाब असतो. तो रेग्युलेटरशिवाय थेट जोडणं धोक्याचं आहे, कॅप गोळीसारखी उडते. डोळ्यांवर चष्मा घाला, कॅपच्या समोर तोंड नेऊ नका. आता साबणाच्या पाण्याचा फवारा प्रत्येक सांध्यावर मारा आणि प्रत्येक पाईप हाताने हलवून बघा. हलवणं विसरू नका. उभा असताना घट्ट दिसणारा सांधा इंजिन हललं की फुस्स करतो, आणि घाटात इंजिन हलतंच. थोडी हवा इंजिनच्या उघड्या व्हॉल्व्हमधून एक्झॉस्टकडे जाणारच, तिची काळजी करू नका. बुडबुडे दिसले त्या जागी खडूने खूण करा.

बहुतेक गाड्यांत ही खूण खालच्या बाजूला सापडते: टर्बोतून इंटरकूलरकडे उतरणाऱ्या होसवर किंवा इंटरकूलरच्या तोंडाशी. त्याचं कारण समजलं की सगळं काम सरळ होतं.

लोक होस बाहेरून तपासतात. काळा आहे, चीर नाही, म्हणजे ठीक. पण टर्बोचा होस मरतो तो आतून, आणि त्याला मारतं ते तेल. इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ ब्रीदरमधून इनलेट पाईपमध्ये येते, टर्बोतून जाते आणि जिथे रस्ता सखल आहे तिथे साठते. सखल जागा म्हणजे नेमका तो खालचा होस आणि इंटरकूलर. त्यात उष्णता घाला. एप्रिल-मे मध्ये नाशिकला पारा चाळिशीला टेकलेला असतो, अशा दुपारी टर्बोने दाबलेली हवा बाहेर पडताना शंभर अंशांच्या वर सहज असते. गरम तेलात वर्षानुवर्षं भिजलेलं रबर फुगतं, मऊ होतं, आतल्या कापडाच्या थरापासून सुटतं. टोकाशी तेलाचा बुळबुळीत थर बसतो, क्लिप मऊ रबरात रुतते, आणि एक दिवस दाब आला की होस तोंडावरून निम्मा सरकतो. पाय सोडला की परत बसतो. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कुणाला काही दिसत नाही.

म्हणून तपासणीची पद्धत बदला. होस सोडवून आत बोट फिरवा. रबर चिकट लागलं, बोट काळं झालं, आतलं अस्तर फोडासारखं उठलेलं असलं, तर तो होस गेला, बाहेरून कितीही चांगला दिसो. दोन बोटांत टोक दाबा, मग मधला भाग दाबा. टोक स्पष्टपणे मऊ असेल तरी गेला. क्लिपच्या जागी खोल चर पडली असेल तर नवी क्लिप लावून उपयोग नाही. टर्बोला लागून असलेल्या होसची गोष्ट उलटी असते. तिथे एक्झॉस्टची झळ बाहेरून बसते, रबर कडक होतं आणि बाकावर बारीक भेगा पडतात. तो वाकवून बघितल्याशिवाय भेगा दिसत नाहीत.

इंटरकूलर काढाल तेव्हा तो उलटा करून बघा. आतून तेलाचा पातळ ओला थर असणं या वयाच्या इंजिनात सामान्य आहे. वाटीभर तेल सांडलं तर ते कुठून येतंय हे शोधल्याशिवाय एकही नवा होस चढवू नका. पहिला संशय ब्रीदरवर घ्या. या इंजिनात मॅनिफोल्डखाली ब्रीदरच्या नळ्यांचं जाळं आहे, त्यातल्या रबरी आणि प्लॅस्टिकच्या जोडण्या हात लावल्यावर तुटतात इतक्या वाळलेल्या असतात. तिथले एकदिशा व्हॉल्व्ह आणि इनलेट पाईपजवळची चपटी गोल प्रेशर व्हॉल्व्हची डबी अडकली की क्रँककेसचा दाब वाढतो आणि तेल हवेबरोबर वर येतं. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तरी हेच होतं, आणि सर्व्हिसिंगमध्ये तसं भरलेलं बऱ्याचदा सापडतं. टर्बोतून तेल खाली इंजिनात परत नेणारी नळी जळलेल्या तेलाने आवळली गेली असेल तर टर्बोतलं तेल सीलमधून हवेच्या बाजूला ढकललं जातं. हे सगळं निर्दोष निघालं तरच टर्बोच्या सीलवर संशय घ्या.

टर्बोची तपासणी इनलेट पाईप काढला की पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन थंड असताना पात्यांचं चक्र बोटांनी फिरवा: कुठे घासतंय का, पात्यांच्या कडा शाबूत आहेत का. मग दांडी आतबाहेर ओढून बघा. त्या दिशेला हाताला जाणवेल असं खेळणं नको. बाजूला अगदी थोडा खेळ असतो, कारण दांडी तेलाच्या थरावर तरंगते. पण चक्र टर्बोच्या कवचाला टेकता कामा नये. हे सगळं ठीक असेल तर टर्बो राहू द्या आणि तो पैसा पाईपांवर खर्च करा.

आता मटेरियल. इथे आपल्या शहरात एक खास मोह असतो. अंबड-सातपूरला औद्योगिक होस विकणारी दुकानं आहेत, माप सांगितलं की तिथे कापून देतात, आणि तो माल दिसायला दणकट असतो. हायड्रॉलिकचा होस दाबाला मजबूत खरा, पण तो ताठ असतो, या वाकणांना बसत नाही आणि प्रत्येक हादरा तोंडावर टाकतो. रेडिएटरचा होस मापाला बसतो, म्हणून तोही लावलेला दिसतो. तो बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. कूलंटला उत्तम, तेलाला सर्वात वाईट. काही महिन्यांत तो फुगून ढिला होतो. या दोन्ही गोष्टी इथे नकोत. त्या वसाहतीतल्या लेथवाल्याचा उपयोग मात्र होतो. अ‍ॅल्युमिनियमचा जोड-पाईप बनवून त्याच्या टोकाला उंचवटा काढून हवा असेल तर तिथे चांगलं काम होतं.

निळ्या किटबद्दल. सिलिकॉन उष्णतेला फार चांगलं आहे, १८० अंशांपर्यंत त्याला काही होत नाही, आणि उन्हाने तडकत नाही. पण साध्या सिलिकॉनला तेल मानवत नाही. तेलाची वाफ त्यातून झिरपते, बाहेरून होस ओलसर चिकट होतो, त्यावर धूळ बसते, आणि काही काळाने थर सुटायला लागतात. तुमच्या गाडीत तर तेल हाच मूळ रोग आहे. म्हणून सिलिकॉन घ्यायचंच असेल तर आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेलं घ्या. कापलेल्या टोकाकडे बघा: आतल्या बाजूला वेगळ्या रंगाचा पातळ थर दिसायला हवा, आणि मध्ये कापडाचे तीन-चार थर मोजता यायला हवेत. विक्रेत्याला अस्तराबद्दल काही सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा. रंगाने काहीही ठरत नाही. इनलेट पाईपला एक वेगळी अट आहे. तिथे आतून दाब नसतो, ओढ असते. मऊ सिलिकॉन वरच्या आरपीएमला आत चपटं होतं आणि गाडीचा गळा आवळतं. तिथे जाड भिंतीचा किंवा तारेचा आधार असलेला पाईप हवा.

माझं मत विचाराल तर कंपनीच्या दाबाच्या, न छेडलेल्या इंजिनाला मूळ साच्यातले रबरी होस सर्वात बरे. ते तेल सोसणाऱ्या रबराचे असतात, वाकणं जिथल्या तिथे असतात आणि इंजिनच्या हालचालीपुरती लवचीकता त्यांच्यात मोजून दिलेली असते. जुन्या होसवर पार्ट नंबर उठवलेला असतो. तो पुसून फोटो काढा आणि त्या नंबरावरूनच मागणी द्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे शोधाशोध केली तर बरंच मिळतं. हेच आडवं बसवलेलं १.८ टर्बो इंजिन त्या गटाच्या इतर गाड्यांतही होतं, त्यामुळे बाहेरून मागवायलाही पर्याय आहेत. पसाट किंवा ऑडी ए४ मध्ये हे इंजिन लांबीत बसवलेलं होतं. त्यांचे होस दुकानदार ‘सेम टू सेम’ म्हणून देतात, पण ते बसत नाहीत. स्कोडाच्याच नंतरच्या लॉराचेही नाही.

घरी जमेल का? मोठे होस आणि इंटरकूलर, हो. सपाट जागा, गाडी टेकवायच्या दोन चांगल्या घोड्या, आणि एक पूर्ण रविवार असला तर जमेल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. पुढचं चाक आणि चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक काढलं की इंटरकूलर दिसतो. सोडवण्याआधी प्रत्येक जोडणीचा फोटो काढा आणि बारीक नळ्यांना कागदी टेप लावून क्रमांक लिहा. जुना होस तोंडाला चिकटून बसला असेल तर खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. प्लॅस्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडावर ओरखडा उमटला की तिथून कायमची गळती राहते. होस तसाही टाकायचाच आहे. ब्लेडने लांबीत चिरा, पण ब्लेड तोंडापर्यंत पोहोचू देऊ नका. इंटरकूलर सॉल्व्हंटने आतून धुवा, पूर्ण निथळू द्या आणि वाळवा. इगतपुरीच्या पावसातून जाणाऱ्या गाडीच्या इंटरकूलरच्या बाहेरच्या जाळीत चिखल आणि पालापाचोळा घट्ट बसलेला असतो, तोही कमी दाबाच्या पाण्याने काढा.

बसवताना एकच नियम मी कुणालाही मोडू देत नाही: तोंड आणि होसची आतली बाजू पूर्ण कोरडी आणि तेलविरहित हवी. ब्रेक क्लीनरने तोंड पुसा, होसचं आतलं टोक स्वच्छ फडक्याने पुसा. ग्रीस, तेल, सिलिकॉन सीलंट यातलं काहीही लावायचं नाही. सहज सरकावं म्हणून लावलेलं तेलच पहिल्या दाबाला होस बाहेर सरकवतं. फारच घट्ट जात असेल तर साध्या पाण्याचा हात लावा, ते वाळून जातं. होस तोंडावरच्या उंचवट्याच्या बराच पुढे, शक्य तिथे इंचभर जाऊ द्या. क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्या डोक्यावर नव्हे, आणि होसच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत. स्क्रूचं डोकं असं फिरवा की पुढे पाना पोहोचेल आणि ते कशाला घासणार नाही.

क्लिपच्या निवडीवर लोक कंजुषी करतात, तिथे करू नका. पट्टीत आरपार चिरा असलेली स्वस्त क्लिप सिलिकॉनला किसणीसारखी कापते. आतून सपाट अस्तराची पट्टी असलेली घ्या. मूळच्या स्प्रिंगच्या क्लिपा अजून जोरदार असतील तर त्या रबरी होसवर उत्तम, कारण रबर दबत गेलं तरी त्या आपोआप आवळत राहतात. टी-बोल्टच्या क्लिपा तुमच्या बूस्टला गरजेच्या नाहीत. आणि जोर लावून कसू नका: पट्टीच्या कडेने रबर वर यायला लागलं म्हणजे मर्यादा ओलांडली.

पुढचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. इंटरकूलर बॉडीला बसवलेला असतो, टर्बो इंजिनला. पाय दाबला की इंजिन मागेपुढे झुलतं आणि मधला होस तो झोका सोसतो. इंजिनचे माउंटिंग, विशेषतः खालचं, मरगळलेलं असेल तर झोका इतका मोठा होतो की नवा होस, नवी क्लिप सगळं ओढून काढतो. बोनेट उघडं ठेवून, हँडब्रेक आणि ब्रेक लावून दुसऱ्याला क्लच हलकेच सोडायला सांगा आणि बाजूला उभं राहून इंजिनची उडी बघा. मोठी दिसली तर माउंटिंग याच कामात बदला. होसच्या तक्रारी घेऊन परत परत येणाऱ्या गाड्यांत मला हेच सर्वाधिक सापडतं.

आता बारीक नळ्या. डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय सोडल्यावर साठलेला दाब वळवणारा), बूस्ट सांभाळणारा एन ७५ व्हॉल्व्ह, व्हॅक्यूमच्या जाळ्या यांच्या कापडी वेष्टणाच्या नळ्या या वयात टोकाशी सैल पडतात. सगळ्या एकदमच बदला, एकेक करत बसू नका. एन ७५ च्या नळ्यांची अदलाबदल होऊ देऊ नका: टर्बोच्या तोंडाकडून येणारी, वेस्टगेटकडे जाणारी आणि इनलेट पाईपला परतणारी अशा त्या तीन असतात. वेस्टगेटला दाब पोहोचला नाही तर बूस्ट आवरत नाही. डायव्हर्टर व्हॉल्व्ह हातात आलाच आहे तर त्याचा पडदा तपासा. आतली तबकडी बोटाने वर ढकला, व्हॅक्यूमच्या छिद्रावर अंगठा दाबून धरा. तबकडी वरच राहिली पाहिजे. खाली घसरली तर पडदा फाटला आहे, आणि तुमच्या लक्षणांत त्याचाही वाटा असू शकतो. ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून बघा, हवा एकाच बाजूने जायला हवी. तो ब्रेकचा प्रश्न आहे, तिथे शंका आली तरी बदला.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला जाणाऱ्या नळीला आणि टाकीची वाफ आणणाऱ्या नळीला सिलिकॉन लावू नका, पेट्रोलच्या वाफेला ते टिकत नाही. तिथे पेट्रोलला चालणारी नळीच हवी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २००५ च्या गाडीचे रबरी पेट्रोल पाईप त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. बोनेट उघडलंच आहे तर तेही वाकवून, वास घेऊन तपासा आणि ई२० चालेल असं छापलेलेच लावा. गरम टर्बोपासून हातभर अंतरावर पेट्रोल पाझरणं ही अजिबात पुढे ढकलण्याची गोष्ट नाही.

टर्बोला तेल आणि कूलंट पुरवणाऱ्या नळ्या हे काम मात्र घरी करू नका. जागा अडचणीची आहे, बोल्ट वर्षानुवर्षं भाजलेले असतात आणि तुटले तर टर्बो उतरवावाच लागतो. अनुभवी फिटरकडून करून घ्या. त्याला दोन गोष्टी सांगा: बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवेच घालायचे, आणि परतीच्या नळीचं गॅस्केटही. नळी आतून जळलेल्या तेलाने अरुंद झाली असेल तर साफ करत बसायचं नाही, नवीच लावायची. तेल बदलताना फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचं वापरा.

शिवाय तुमची सोसायटी मळ्यालगत असेल तर उंदीर. पावसाळ्यात ते उबेला बोनेटखाली येतात आणि बारीक व्हॅक्यूम नळ्या आणि मऊ रबर आधी कुरतडतात. नवे होस बसवल्यावर पहिल्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बोनेट उघडून लेंड्या आणि दातांच्या खुणा बघा.

सगळं जोडलं की प्रेशर टेस्ट पुन्हा करा, त्याच दाबाला. मग ब्रीदर परत जोडा, एमएएफ लावा, कोड पुसा. पहिल्या दिवशी त्र्यंबक रोडवर साध्या चालीने एक फेरी मारा, परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि स्क्रूच्या क्लिपा एकदा तपासा. नवा होस गरम-थंड झाल्यावर थोडा बसतो आणि क्लिप जराशी सैल होते. काही दिवसांनी पुन्हा एकदा. काळा धूर लगेच थांबायला हवा. अ‍ॅव्हरेज सुधारायला थोडा वेळ लागेल, कारण ईसीयूने शिकलेली दुरुस्ती हळूहळू मागे येते. टाकीभर पेट्रोल संपल्यावरही ०३२ चे आकडे शून्याकडे सरकले नाहीत तर एमएएफ सेन्सर संशयात येतो. तेलकट इनलेट पाईपजवळ राहून तोही मळतो.

घाट चढून आल्यावर इगतपुरीला चहाला थांबताना इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलिंगला राहू द्या. टर्बोतलं तेल तिथल्या तिथे जळून परतीची नळी भरते ती तापलेलं इंजिन लगेच बंद करण्याच्या सवयीमुळे.

प्रेशर टेस्टमध्ये खडूची खूण कुठे आली ते, आणि ११५ व ०३२ चे दुरुस्तीआधीचे आकडे कळवा. पार्ट नंबरचा फोटोही जोडा, म्हणजे मागणी देण्याआधी तो तुमच्याच इंजिनाचा आहे का ते बघता येईल.